आपट्याच्या घाटावरचा बोर्ड

१

नीताला ती कल्पना सुचली तेव्हा ती बापाच्या दहाव्याला उभी होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे 'काय बाई आहे!' असं म्हणायला तुम्ही मोकळे. पण मार्केटिंगच्या माणसाला डोकं घरी ठेवून येता येत नाही, त्याला ती तरी काय करणार?

आपट्याला पाताळगंगेच्या काठी पिंड मांडून सगळे लांब उभे होते आणि कावळा काही शिवत नव्हता. चुलतभाऊ हात जोडून एकेक कबूल करत होता. "काका, काकूला सांभाळू. काका, नीताकडे लक्ष ठेवू." झाडावर कावळे होते. बघत होते, पण उतरत नव्हते. शेवटी तो म्हणाला, "काका, तुमच्या मनासारखं पनवेलला घर घेऊ." तेव्हा एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि मान वाकडी करून नीताकडे बघत बसला.

प्रभाकर पुरंदरे, म्हणजे नीताचे बाबा, यांचा जीव घरात अडकलाय हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. दर रविवारी हा उंचापुरा माणूस खिशात लोखंडी टेप घालून कुठल्या ना कुठल्या बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट बघायला जायचा. बायकोला, सुमतीला, बरोबर न्यायचा. बेडरूममध्ये टेप ताणायचा, सर्रकन सोडायचा आणि "बारा लिहिलंय, भरतंय अकराच" म्हणून सेल्सच्या पोरांना छळायचा. घेतलं मात्र एकही नाही. लेक बिल्डरच्या ऑफिसात नोकरीला लागली, तरी नाही.

नीताने फक्त 'घेते बाबा' एवढं म्हणायला हवं होतं. पण ती त्याच धंद्यातली. पनवेलपुढच्या कोन गावाजवळच्या फ्लॅटचा भाव झोपेतून उठवून विचारला तरी तिने सांगितला असता. जे होणार नाही ते बाबांना कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. गुरुजींनी घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावून मोकळे झाले.

त्या ताटकळण्यात तिने आजूबाजूला बघितलं. घाटावर आणखी दोन-तीन कुटुंबं अशीच कावळ्याची वाट बघत होती. मुंबई-पुण्याची नोकरदार माणसं, घर घेण्याच्या वयाची. करायला काही काम नाही, आणि जो तो मोबाइलमध्ये डोकं घालून.

२

नीताच्या प्रोजेक्टचं नाव 'तटिनी हाइट्स'. इमारत पायातून नुकती वर येत होती, पण ऑफिसाला लागून पत्र्याच्या शेडमध्ये सॅम्पल फ्लॅट तयार होता. जाहिरातीचे बोर्ड स्टेशनपासून एक्स्प्रेस-वेपर्यंत सगळीकडे. प्रत्येक बोर्डावर क्यूआर कोड, आणि प्रत्येक बोर्डाचा कोड वेगळा. म्हणजे कोणी मोबाइल धरला की ऑफिसात कळतं, गिऱ्हाईक कुठल्या बोर्डावरून आलं. मोबाइलवर चार ओळींचा फॉर्म उघडतो: नाव, नंबर, कधी येणार, सोबत कोण. बस्स.

घाटासमोर काळूराम नावाच्या शेतकऱ्याचा तुकडा होता. नीताने त्याला बोर्डासाठी जागा मागितली.

"लावा की," काळूराम म्हणाला. "गुरांना पाठ घासायला कायतरी होईल."

बोर्ड उभा राहिला. नदीचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत 'आता तरी स्वतःचं घर', आणि शेजारी परातीएवढा कोड. ही ओळ नीताचीच. साहेबांनी तिची पाठ थोपटली होती.

नवा कोड चालतो की नाही ते खोटं नाव टाकून बघायचं असतं. या धंद्यात सगळेच करतात. कोणी हिरोचं नाव टाकतं, कोणी शेजाऱ्याचं. नीताने कोडवर मोबाइल धरला, फॉर्म उघडला आणि जे नाव बोटांवर आलं ते टाकलं: प्रभाकर पुरंदरे. तिचा स्वतःचा नंबर आधीच सिस्टिममध्ये होता, तो दुसऱ्यांदा चालला नसता, म्हणून बाबांचा बंद पडलेला नंबर टाकला. कधी येणार? 'आमच्या सोयीने'. सोबत कोण? दर रविवारी कोण असायचं? सुमती.

मोबाइलवर हिरवी बरोबरची खूण आली. एक कावळा बोर्डाच्या चौकटीवर उतरला, चोच दोनदा पत्र्यावर आपटली आणि उडाला.

"झाली बोहनी," काळूराम हसला.

असल्या खोट्या नोंदी संध्याकाळी पुसायच्या असतात. नीता विसरली. किंवा बाबांचं नाव पुसायला तिचा हात धजला नाही म्हणा.

३

आपट्याचा बोर्ड सुरू झाला आणि चौकशा येऊ लागल्या. फॉर्म आला की लगेच फोन करायचं काम कल्पेशचं. बोलका पोरगा, पण पहिल्याच आठवड्यात त्याचं तोंड उतरलं.

"मॅडम, हा बोर्ड कुठे लावलात तुम्ही? जो फोन उचलतो तो म्हणतो, ज्यांच्या नावाने फॉर्म भरलाय ते वारले."

मग उलगडा झाला. कावळा शिवत नसला की लोक काय काय कबूल करतात. कोणीतरी म्हणतं, आईला घर हवं होतं. समोरच बोर्ड. कोणीतरी मोबाइल धरतं, आईच्या नावाने फॉर्म भरतं, आणि कावळा झपकन येतो. एकाचं बघून दुसरा. घाटावरचे गुरुजीसुद्धा म्हणे आता बोर्डाकडे बोट दाखवायला लागले होते.

"काय डोकं चालवतात लोक!" नीता हसली. "बाद कर सगळ्या."

"बाद कशा करू? व्हिजिट झालीय म्हणून दाखवतंय."

सॅम्पल फ्लॅटच्या दाराशी आणखी एक कोड होता. पाहुणा आला की तो त्यावर मोबाइल धरणार, आणि सिस्टिममध्ये त्याच्या नावापुढे 'आले' असं उमटणार. त्या मेलेल्या माणसांच्या नावापुढे एकामागून एक 'आले' उमटलं होतं.

नीताने सॉफ्टवेअरवाल्याला झापलं. तो म्हणाला, बग असेल, बघतो. तिला पटलं. पटायला काय हरकत होती? पगारसुद्धा चुकून दोनदा जमा झाल्याचं तिने बघितलं होतं, नावापुढे एक शब्द उमटायला काय लागतं?

त्याच दिवशी झाडलोट करणारी ठमाबाई तिच्या टेबलापाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मॅडम, आदीच सांगते, मी नाय झोपत हां तिथं. उद्या माज्यावर आळ नको."

"कुठे?"

"सांपलच्या खाटंवर. रोज चादर ताणते, नी रोज चुरगळलेली. बाय माजे, कोन लोळतं तिथं?"

नीता बघायला गेली. सॅम्पल फ्लॅट ही मोठी नामी फसवणूक असते. खोली मोठी दिसावी म्हणून दारं बसवतच नाहीत, नळाला पाणी नसतं, आणि पलंग मुद्दाम आखूड करतात. गॅलरीबाहेर नदीचं छापलेलं चित्र, त्यामागे पत्रा. बेडरूममध्ये एसी मंद चालू होता. पलंगावर खरंच गादी दबलेली होती. सपाट नाही, कडेला. कोणीतरी उंच माणूस कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजला असावा, तशी.

तिने चादर ताणली. वळली, आणि हॉलमधून आवाज आला. सर्र... खट्.

लोखंडी टेप सोडल्याचा आवाज. सुतार आले असतील, असं तिने मनाशी म्हटलं. बाहेर येऊन बघितलं तर हॉल रिकामा होता.

४

पद्मजा ओगले आल्या त्या मोतिया रंगाची साडी नेसून, केसांत गजरा माळून. साठीच्या, तरतरीत, पायऱ्या चढताना कुणाचा हात न धरणाऱ्या बाई. त्यांच्या यजमानांचं नाव आपट्याच्या बोर्डावरून आलं होतं आणि 'सोबत कोण'च्या पुढे पद्मजा लिहिलं होतं.

"मुलाने आणलं का काकू?" नीताने विचारलं.

"छे, त्याला वेळ कुठे? यांच्या नंबरवरून मेसेज आला. घर बघून ठेवलंय, ये म्हणून." त्या जरा लाजल्या. "फोन तर कपाटात बंद आहे. तुमच्याच ऑफिसचं काहीतरी असेल, कळतं मला. पण आला मेसेज, तर म्हटलं जाऊ."

नीताने त्यांना हॉल दाखवला, स्वयंपाकघर दाखवलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला म्हणून ती बाहेर थांबली. आतून पद्मजाबाईंचं बोलणं ऐकू येत होतं. "ओटा उंच आहे हो... नाही, पुरेल तसा दोघांना... मुलांना काय, येतील तेव्हा येतील." मध्ये थांबायच्या, ऐकल्यागत, आणि पुन्हा बोलायच्या.

एकटी राहणारी माणसं बोलतात अशी. नीताची आईसुद्धा हल्ली फोडणी देताना बोलायची.

अर्ध्या तासाने नीता आत गेली, तर बाई पलंगाच्या अगदी कडेला बसलेल्या. उरलेली जागा कोणासाठी तरी सोडल्यासारखी मोकळी.

"निघू या का काकू?"

"बसते ना जरा," त्या म्हणाल्या. "इतकं शांत वाटतंय, उठवतच नाहीये."

शेवटी ठमाबाईने हाताला धरून त्यांना रिक्षात बसवलं. बाईंचा हात बर्फागत गार होता, असं ती नंतर म्हणाली. एसी होता, त्यात काय, असं नीता म्हणाली.

पंधरवड्याने कल्पेशने नेहमीप्रमाणे विचारपूस करायला फोन लावला. तो मुलाने उचलला. कल्पेशने ऐकलं, "सॉरी, सॉरी सर" म्हटलं आणि फोन ठेवला.

"मॅडम, त्या ओगले काकू गेल्या. इथून गेल्यावर आठवडा पण नाही काढला. झोपेतच. आज दहावा. आपट्यालाच आहेत सगळे."

तो बोलतोय तोवर स्क्रीनवर नवी चौकशी आली. बोर्ड, आपटा. नाव, पद्मजा ओगले. सोबत कोण? तिथे मुलाचं नाव होतं.

कल्पेश हसला नाही.  नीताने बसल्या जागी काळूरामला फोन लावला. "उद्या सकाळी दोन माणसं बोलावून ठेवा. बोर्ड उतरवायचाय."

५

सकाळी आईने डबा दिला. पोळी आणि वालाचं बिरडं.

वडाळे तलावाजवळच्या त्या भाड्याच्या घरात आता दोघीच होत्या. नीताने लग्न केलं नव्हतं, भाऊ-बहीण नव्हते. आई म्हणजे तिचं सगळं जग होतं, हे काही मी वाढवून सांगत नाही. आईची तब्येत ठणठणीत होती. फक्त बाबा गेल्यापासून रविवार तिला खायला उठायचा.

"काय गं, आज नवी साडी?" नीताने निघताना विचारलं.

"नेसले आपली," आई म्हणाली. "तू जा, उशीर होतोय."

आपट्याला पोचेपर्यंत काळूरामच्या माणसांनी अर्धा बोर्ड उतरवला होता. 'आता तरी स्व' एवढंच उरलं होतं. बघता बघता तेही जमिनीवर आलं. नीताने स्वतः ब्लेड घेऊन तो कोड फाडला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. घाटावर आज एकही कुटुंब नव्हतं. झाडावर कावळे मात्र सगळे होते.

आता नोंदी पुसायच्या म्हणून तिने मोबाइल काढला. आपट्याच्या नोंदी खालून वर सरकवत ती अगदी पहिल्या नोंदीपर्यंत आली.

प्रभाकर पुरंदरे. सोबत सुमती. 'आमच्या सोयीने'च्या जागी आजची तारीख होती.

ती बघत असतानाच त्या नावापुढे शब्द उमटला. आले.

६

"आई, कुठे आहेस?"

"अगं, तुझ्याच ऑफिसात," आई म्हणाली. आवाज खुशीत होता. "तुला सांगणार होते, पण तू रागावली असतीस. यांच्या नंबरवरून मेसेज आला काल. म्हटलं जाऊन तर बघू. छान आहे गं घर."

"आई, आत्ताच्या आत्ता बाहेर ये."

"येते गं. जरा बसलेय. दमले."

नीताने तो फोन तसाच चालू ठेवून काळूरामच्या फोनवरून कल्पेशला लावला. "सॅम्पलमध्ये पळ. माझी आई आहे आत. ओढून बाहेर काढ." दोन्ही कानांना दोन फोन लावून ती वाळूत उभी राहिली. कल्पेशची पावलं ऐकू आली. मग त्याचा आवाज, "मॅडम, इथे कोणीच नाहीये. बेडरूममध्ये पण नाही."

आणि दुसऱ्या कानात आई म्हणाली, "एक मुलगा आलाय बघ आत. इकडेतिकडे बघतोय. बावळटच दिसतोय, माझ्यासमोर उभाय आणि मी दिसत नाही त्याला."

आईच्या मागून आवाज आला. सर्र... खट्.

"हे म्हणतात, खोली लिहिल्याएवढी नाही," आई हसत म्हणाली. "आणि पलंग आखूड आहे. थांब, तुला दाखवते." तिला व्हिडिओ नीट लावता यायचा नाही. कुठेतरी बोट पडलं आणि पडद्यावर चित्र आलं. छताचा दिवा, मग भिंत, मग तिरका झालेला पलंग. आई पलंगाच्या कडेला बसली होती, उरलेली जागा सोडून. आणि पलंगाच्या पायथ्यापलीकडे, लाकडाच्या कडेवरून, दोन लांब पावलं बाहेर आली होती. दोन्ही अंगठे एकत्र, दोऱ्याने बांधलेले.

ती गाठ नीताने ओळखली. बाबांना नेण्याआधी तिनेच बांधली होती.

चित्र गेलं.  नीताने पिशवीतून डबा काढला, एक पोळी वाळूवर ठेवली, वर बिरडं ओतलं, चार पावलं मागे सरली आणि हात जोडले. काळूराम आणि त्याची माणसं बघत उभी राहिली.

"बाबा, आईला पाठवा. मी तिला सांभाळते."

कावळे हलले नाहीत.

"बाबा, घर घेते. कर्ज काढते. तिच्या नावावर घेते, तुमच्या नावाची पाटी लावते."

एक कावळा खालच्या फांदीवर आला. मान वाकडी करून तिच्याकडे बघत बसला. तोच होता की दुसरा, कोणाला माहीत. फोनमधून आईचा आवाज आला, बारीक, पेंगुळलेला. "नीता, मी पडते गं जराशी."

"नको आई, उठ! उठ तू!" मग ती कावळ्याकडे वळली, आणि दहाव्याला जे यायला हवं होतं त्याहून कितीतरी मोठं तिच्या तोंडून निघून गेलं. "बाबा, तिला एकटीला कशाला नेता? तिला राहू द्या. तुमच्या सोबतीला मी येते. मी येते, बाबा."

कावळा सरळ खाली आला. पोळीचा तुकडा उचलला आणि नदीवरून उडून गेला.

"शिवला," काळूराम हळूच म्हणाला. आपण काय बोललो ते कळून त्याने तोंडावर हात ठेवला.

"मॅडम!" कल्पेश दुसऱ्या फोनवर ओरडत होता. "काकू इथेच आहेत! पलंगावर. मघाशी कशा दिसल्या नाहीत, शप्पथ सांगतो..."

"पाणी दे त्यांना," नीता म्हणाली. "आणि बाहेर उन्हात बसव."

७

आई ठणठणीत आहे. त्या दिवशी ऑफिसात चक्कर आली, एवढंच तिला आठवतं. तो मेसेज नीताने आईच्या फोनमध्ये शोधला, पण सापडला नाही.

ओगल्यांच्या मुलाला नीताने स्वतः फोन करून सांगितलं, सॅम्पल फ्लॅट बंद आहे, कोणाच्याही नंबरवरून मेसेज आला तरी येऊ नका. त्याने ऐकून घेतलं. विचित्र बाई आहे, असं त्याला वाटलं असणार.

घाटावरून परतताना रिक्षात तिलाही एक मेसेज आला होता. 'प्रिय नीता, आपली भेट नक्की झाली आहे. सोबत: प्रभाकर. दिवस: आमच्या सोयीने.' तिने तो पुसला नाही. कबूल करून बसली होती, पुसून काय होणार होतं?

पुढच्या महिन्यात तिने सॅम्पल फ्लॅटसाठी सुतार बोलावला. आखूड पलंग काढून नवा करायचा होता. साहेब कुरकुरले, खोली लहान दिसेल म्हणाले. दिसू दे, असं ती म्हणाली.

सुताराने पेन्सिल कानामागून काढली. "लांबी किती ठेवू?"

"साडेसहा फूट. माणूस उंच आहे."

"एकच ना?"

"नाही, दोन," नीता म्हणाली आणि चपला काढून भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली. "दुसरा माझ्या मापाचा."